मावशीचा फोन
मिशनच्या दवाखान्यातली सकाळची प्रार्थना आटोपली आणि नर्सबाईंनी घरी फोन लावला. परदेशातला हा त्यांचा तिसरा नाताळ. इथल्या तापाच्या धास्तीने तान्ह्या लेकीला धाकट्या बहिणीच्या ओटीत घालून त्या नवऱ्यासोबत सेवेला आल्या होत्या. सणासाठी तिला स्वतः शिवलेला फ्रॉक पाठवला होता. पडद्यावर लेक दिसली, पण फ्रॉक तिच्या बाहुलीच्या अंगात होता. “तू का नाही घातलास गं?” “मला होतच नाही. मी मोठी झालेय!” ती हसली आणि मागे वळून ओरडली, “आई, मावशीचा फोन!” बहीण ओल्या हातांनी धावत आली. “अगं वेडे, मावशी मी! आई ती!” लेक गोंधळली, तिचे ओठ थरथरू लागले. “रागावू नकोस तिला,” नर्सबाई बहिणीला म्हणाल्या. मग लेकीकडे पाहत हसल्या. “बरोबर ओळखलंस, बाळा. मावशीच बोलतेय.”