आधीच नोंदलेली तक्रार

माळावरच्या केंद्रातून विश्वाच्या नियमांविषयी तक्रारी आभाळापलीकडे जायच्या आणि तिकडून दरवेळी नकारच यायचा. नकारासोबतचा शेरा मात्र ती ती तक्रार बघून निवडलेला असे. प्रकाश फार हळू चालतो, असं कळवलं तेव्हा ‘हे असंच ठरवलं आहे’ असा आला. चंद्र दूर सरकतोय, यावर ‘दुरुस्ती होणार नाही’.

आज वसुधा खांबेटेच्या तक्रारीवर कधी न आलेला शेरा उमटला: ‘आधीच नोंदलेली’.

तिचे साहेब, बोरवणकर, वैतागले. “वसुधाताई, पाठवण्याआधी जुन्या तक्रारी चाळायच्या, हे नवख्यालाही सांगावं लागत नाही. असं लिहिलं होतंत तरी काय?”

“लेकरू आईच्या आधी जातं, ही चूक आहे. एवढंच.”

साहेबांचा आवाज खाली आला. तिच्या ओजसला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

“चाळल्या होत्या सर, अगदी पहिल्यापासून. ही आपल्याकडून कुणीच पाठवलेली नाही. आणि पृथ्वीवर असं केंद्र हे एकच.”

बोरवणकर खिडकीपाशी आले. दोघंही खिडकीतून भर दुपारच्या आभाळाकडे बघत राहिली. त्या रिकाम्या निळाईपलीकडून कुणीतरी हीच तक्रार आधी केली होती.

वसुधानं विचारलं, “तिचं लेकरू केवढं असेल हो, सर?”