दोन बोटं ढिला

फौजदारसाहेबांच्या मेलेल्या कुत्र्याच्या कातड्यात भरायचा फोमचा देह तिसऱ्यांदा आकसला आणि कारागिरानं घड्याळाकडे पाहिलं. साहेब नुसते खाकरले तरी गल्लीतल्या खिडक्या आपोआप लागत.

"पुन्हा साचा गरम असतानाच उघडलात ना?" बायको म्हणाली. "बघितल्याशिवाय राहवतच नाही तुम्हाला."

साहेब संध्याकाळी न्यायला येणार, चौथा ओतायला वेळ कुठला? त्यानं कातडं तसंच चढवलं. पोटाशी ते दोन बोटं लोंबत राहिलं.

"साहेब, जरा बारीक झालाय," साहेब आल्या आल्या त्यानं हात जोडले.

साहेबांनी कुत्र्याच्या पोटाखालून हात फिरवला. दुसऱ्या हातानं घसरणारी पँट वर ओढली. पट्ट्याला दोन नवी भोकं होती.

"राहू दे," ते म्हणाले. "हा गेल्यापासून मीही तेवढाच उतरलोय."