एकशे विसावी मुलगी

लातूरच्या एका निवासी महाविद्यालयाचा अहवाल सांगतो की, आनंदाच्या तासामुळे अकरावीच्या एकशे वीसच्या एकशे वीस मुली आनंदी झाल्या. पहिल्या मोजणीत त्या एकशे एकोणीसच भरल्या होत्या. मोजणीच्या प्रश्नावलीवर नाव लिहायचे नव्हते. परंतु ‘मला भीती वाटते’ हे अक्षर औशाच्या नाझनीनचे, हे तो तास घेणाऱ्या मॅडमनी ओळखले.

“आम्ही हसायला शिकवून राहिलो, अन् तू आमचं नाक कापून राहिलीस? बोलावू तुझ्या अब्बांना? मग हो घरी बसून डॉक्टर.”

पुढ्यात सरकवलेल्या कागदावर नाझनीनने लिहून दिलेल्या कबुलीजबाबाने आकडा पूर्ण केला :



“भीती वाटते हे मी खोटे लिहिले होते. मी आनंदी आहे. मॅडम, मला घरी पाठवू नका.”