पाणी येतंय

“सरा रे बाळांनो, पाणी येतंय,” असं ओरडल्याशिवाय ब्रीजनं दाराबाहेर कधी पाणी फेकलं नव्हतं. आयर्लंडच्या त्या खेड्यातल्या बायका म्हणत, उंबऱ्याशी अदृश्य छोटी माणसं वावरतात, त्यांना भिजवू नये.

“कुणाला सांगतेस? बाहेर चिटपाखरू नाही,” त्या दिवशी नवरा पाहुण्यांसमोर हसला. ब्रीज ओशाळली. वरखाली दोन झडपांच्या दाराची खालची झडप बंदच होती. तिच्यावरून तिनं बटाट्यांचं कढत पाणी मुकाट्यानं बाहेर फेकलं.

झडपेआड त्यांची लेक वाकून छोट्या माणसांसाठी दुधाची वाटी ठेवत होती.

पोरीच्या पाठीवरचे भाजल्याचे डाग गेले नाहीत. आता साधं गार पाणी फेकायचं असलं तरी नवराच उठतो. हाक देतो, आणि लहान पावलांना सरायला लागेल तेवढा वेळ भांडं धरून थांबतो.