वकीलसाहेबांचा फोन

दिवा लागला आणि चिमणीचा विश्वासच बसेना. वकीलसाहेबांच्या घरचा नंबर, आणि तोही तिच्या बोर्डावर!

"अगं, वकीलसाहेब!" ती ओरडलीच. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या सगळ्या पोरींच्या माना एकदम वळल्या.

आज दुपारी परक्यांचा झेंडा उतरणार होता. गव्हर्नर बोटीत बसून चालता होणार होता आणि वकीलसाहेब चौकात प्रजासत्ताकाची घोषणा करणार होते. सकाळपासून कुणाचे पाय जमिनीवर नव्हते. खाली रस्त्यावर माणसं गात होती, आणि वर पोरी नंबर जोडता जोडता उगाचच एकमेकींना कोपरं मारून हसत होत्या.

चिमणीनं घसा साफ केला. "नंबर प्लीज, साहेब?"

"गव्हर्नर."

तिनं पिन खुपसली. आता ऐकायची कळ बंद करायची, असा नियम. पण हा आवाज! सभेत लांबून ऐकलेला, तुरुंगातून आल्यावर जरा घोगरा झालेला. 'आपलं प्रजासत्ताक कष्टकऱ्यांचं असेल' म्हणणारा. आजच्या दिवशी एवढंसं ऐकलं तर कुणाचं काय बिघडतंय? तिची बोटं कळीवरच राहिली.

"गोदीत कामगारांनी कुलपं तोडलीत," वकीलसाहेब म्हणत होते. "स्वतःची कमिटी निवडलीय. मालकांना आत पाऊल टाकू देत नाहीत. तुमची फौज बोटीवर चढायच्या आधी गोदी मोकळी करून द्या."

गव्हर्नरनं विचारलं, "तुमच्याच माणसांवर?"

"नुसता धाक पुरे होईल. पहिल्याच दिवशी असं झालं तर जगात आम्हाला उभं कोण करेल? आधी देश हातात येऊ दे. कामगारांचं मग बघता येईल."

"ठीक आहे. छावणीला सांगतो."

फोन बंद झाला. चिमणीनं पिन काढली. तिचा दादा गोदीत क्रेन चालवायचा. पहाटे चहासुद्धा न घेता निघाला होता, एवढा हरखलेला. दारातून म्हणाला होता, "झेंडा बदलला आणि मुकादम तोच राहिला, तर मग आपण मिळवलं काय गं?"

बोर्डावर गव्हर्नरचा दिवा लागला. चिमणीनं हात लावला नाही.

मोठ्या बाई रांगेमागून चालत आल्या. एक्स्चेंज त्यांच्या हाताखाली होतं आणि पोरी त्यांना टरकून असत.

"गव्हर्नर थांबलेत, चिमणे. झोप लागली का?"

"ते छावणी मागतील, बाई. गोदीवर फौज पाठवायला."

"तुला काय माहीत?"

"ऐकलं."

"ऐकायचं नसतं."

"नसतं, मला ठाऊक आहे. काढून टाका मला. पण फौज वकीलसाहेबांनी मागवलीय, बाई. आपल्या वकीलसाहेबांनी!"

सगळ्या बोर्डांवरचे हात थांबले. शेवटच्या स्टुलावरची पोर, जिनं बोर्डाच्या कडेला साहेबांचा फोटो चिकटवला होता, ताडकन उठली. "खोटं बोलतेस!"

"माझा भाऊ आहे तिथं," चिमणी म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

ती पोर उभीच राहिली. खालचं गाणं मात्र खिडकीतून येतच होतं.

मोठ्या बाईंनी गव्हर्नरच्या दिव्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"दुपारनंतर मी नोकर कुणाची, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "सरक."

चिमणी सरकली. बाई स्टुलावर बसल्या. हेडफोन कानाला लावला.

"गोदीत फोन लावून कळवू या का, बाई? पळायला तरी वेळ मिळेल."

"पळतील कशाला? आणि तू नको सांगूस. ज्यानं ठरवलंय, त्यालाच सांगू दे."

त्यांनी एक पिन वकीलसाहेबांच्या नंबरात घातली आणि घंटी दिली. दुसरी बोटांत धरून ठेवली. पोरी आपापली स्टुलं सोडून त्यांच्याभोवती गोळा झाल्या. बोर्डभर दिवे लागले होते, गव्हर्नरचाही लागलेलाच होता. तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"साहेब, एक्स्चेंजमधून बोलतेय. लाइन जोडून देते."

"गव्हर्नर आहेत का?"

"नाही, गोदी आहे. तुमचं काम त्यांच्याशीच आहे ना?"

आणि त्यांनी पिन खुपसली. मग हेडफोन काढून उलटा धरला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. चिमणीनं बाईंचा खांदा घट्ट धरला.

पलीकडे कुणीतरी रिसीव्हर उचलला. मागं शेकडो माणसांचा गलका होता. फोनवर बोलायची सवय नसलेला एक माणूस बेंबीच्या देठापासून ओरडला, "हॅलो! कोण? हॅलो!"

"मी..." साहेब अडखळले. "मी वकील बोलतोय."

"वकीलसाहेब!" तो आवाज आनंदानं फाटला. "ए, गप्प बसा रे! वकीलसाहेबांचा फोन आलाय!"

गलका विरत गेला. एवढी मोठी गोदी, पण पाणी धक्क्यावर आपटत होतं तेवढंच ऐकू येऊ लागलं.

"बोला साहेब," तो माणूस म्हणाला. "सगळे ऐकतायत."