अकरा खेपा

चेस्टरने व्हर्लिनच्या संघाची पंचवीसच्या पंचवीस कार्डं टेबलावर मांडली आणि नाकावर चष्मा चढवला.

"कॅचर ठीक आहे. हा पिचर दमलेला, पाचव्या डावानंतर नुसता मार खातो. आणि हा तुझा लाडका डावरा म्हणजे बडा घर पोकळ वासा! वर्षभर खेळवलास, मिळालं काय? भोपळा!"

व्हर्लिन कॉफी ढवळत राहिला. सामन्याआधी प्रतिस्पर्ध्याने तुमच्या संघाची अशी चिरफाड करायची, ही चर्चच्या या तळघरातली जुनी रीत. त्यात रागवायचं नसतं. रविवारची प्रार्थना आटोपून मंडळी इथे जमत, खऱ्या खेळाडूंची कार्डं आणि फासे काढून बेसबॉलचा मोसम खेळत. आज मोसमातला शेवटचा सामना होता. धावांची वही आणि नियम ओटिसकडे. तो पोलिसात होता आणि इथेही पोलीसच होता.

शेवटच्या कार्डापाशी चेस्टरचा हात थांबला. टोपी जरा मोठी झालेला एक हसरा मुलगा. ड्वेन स्ट्राउड.

"बोल ना," व्हर्लिन म्हणाला. "माझा पोरगा म्हणून सोडू नकोस."

चेस्टरने घसा खाकरला. "अकरा खेपा, सहा फटके. अख्ख्या पेटीत असं दुसरं कार्ड नाही. आणि तू ते एकदाही उतरवलं नाहीस. मोसमात तळाला गेलास लेका, हे राखून ठेवण्यापायी."

खऱ्या मैदानात खेळाडू जितक्या खेपा बॅट घेऊन उभा राहिला, तितक्याच खेपा त्याच्या कार्डाला. ड्वेन व्यावसायिक बेसबॉलच्या वरच्या संघात नऊ दिवस टिकला होता. दहाव्या दिवशी घरी यायला निघाला आणि हमरस्त्यावर अपघातात संपला. पुढच्या महिन्यात नव्या वर्षाची कार्डं येणार होती, जुनी सगळी बाद. नव्यात ड्वेन नव्हता. व्हर्लिनने त्या अकरा खेपा वर्षभर कंजुषासारख्या जपल्या होत्या. जपून काही उरत नाही, हे त्याला सांगायची हिंमत कुणाला झाली नव्हती.

"उतरव त्याला," चेस्टर म्हणाला. "आज नाही तर कधीच नाही."

"एका सामन्यात अकरा खेपा येत नाहीत."

"दर वेळी त्यालाच पाठव. माझी हरकत नाही."

हे नियमात बसत नव्हतं. ओटिसने मान वर केली आणि पुन्हा वहीत घातली. व्हर्लिनने फासे उचलले.

पहिल्याच खेपेला फटका. दुसरी वाया गेली. तिसरीला होमरन! व्हर्लिनने टेबलावर अशी थाप मारली की कॉफी सांडली. "घे! बघितलंस?"

"पोरगं माझ्या पिचरची सालटी काढतंय रे!" चेस्टर ओरडला. त्याला खरोखरच आनंद झाला होता.

आठव्या खेपेनंतर मात्र कुणी ओरडेना. व्हर्लिन फासे मुठीत फार वेळ घोळवू लागला. दहावी खेप गेली. अकरावीला चेंडू उंच उडाला आणि डाव्या बाजूला अलगद झेलला गेला. ओटिसने तसं लिहून घेतलं.

व्हर्लिनने फासे पुन्हा गोळा केले.

"संपल्या, व्हर्लिन," ओटिस म्हणाला.

"एकच टाकू दे."

"टाकू दे की रे!" चेस्टर म्हणाला. "मी हरलो म्हणून लिही, हवं तर."

"कार्डावर अकराच आहेत." ओटिसची नजर वहीतच होती. "नसलेली खेप मी कुठून लिहू?"

आता ड्वेनचं कार्ड उचलून पेटीत टाकायचं होतं. व्हर्लिनने हात पुढे केला, दोन बोटं कार्डाच्या कडेला लावली. मग त्याने हात मागे घेतला.

"तूच उचल, ओटिस," तो म्हणाला. "त्या रात्री टोपी हातात धरून माझ्या दारात तूच आला होतास. हेही तूच कर."