चाळिसाच्या नऊ ओळी

"ढापणार गं तो तुझं काम!" तन्झीला मैत्रिणीच्या खांद्यावरून स्क्रीनवर वाकली.

शाळेला देणगीत मिळालेल्या संगणकांचं वायफाय चालावं म्हणून दहावीतल्या अन्विताने ड्रायव्हरमध्ये, म्हणजे वायफाय चालवणाऱ्या आणि कुणालाही सुधारता येणाऱ्या प्रोग्राममध्ये, कोडच्या चाळीस ओळींची भर घातली होती. सेटिंगना नावंही स्वतःची, ऐटीत दिलेली. आणि तो ड्रायव्हर सांभाळणारा कुणी मार्टिन लिहीत होता, "या सेटिंगना सगळ्यांनी मिळून ठरवलेली, सगळ्या कंपन्यांच्या संगणकांना चालणारी नावं आहेत. तीच वापर. तुझ्या ओळी नऊच उरतील."

"एकतीस ओळी उडवल्या, आता नाव उडवायला कितीसा वेळ?" तन्झीलाने तेल ओतलं.

अन्विताचं डोकंच फिरलं. माझं काम लाटायचा डाव आहे हा, असं खरमरीत पत्र तिने त्या ड्रायव्हरवर काम करणाऱ्या अख्ख्या गटाला ईमेलने धाडलं. मग मार्टिनला खोटं पाडायला म्हणून त्याने सांगितलेली नावं घालून त्या नऊ ओळी चालवून पाहिल्या. तिच्या चाळीस ओळींना कधीच दाद न देणारा, वेगळ्या कंपनीचा शाळेच्या ऑफिसातला संगणकही झटक्यात वायफायला जोडला गेला!

म्हणजे मार्टिनचंच बरोबर होतं! पत्र तर जगभर पोचलं होतं.

"नऊ ओळी तुझ्याच नावाने घेतल्या," मार्टिनचं उत्तर सगळ्यांदेखत आलं. "सोबत माझ्या दोनशे ओळी तपासायला पाठवतोय. त्यांच्यावरही असाच संशय घे."

"यातही काहीतरी गोम असणार," तन्झीला पुटपुटली.

"असू दे की!" अन्विताने खुर्ची पुढे ओढली. "शोधायलाच तर सांगितलंय."